कॅसेटवरचा किल्ला

दौलताबादला आमच्या घरी पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तो १९८८ च्या मे महिन्यात, सुती पिशवीत, दोन टॉवेलांमध्ये गुंडाळून. माझी दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. पुण्यात नोकरीला असलेला आतेभाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याने ती पिशवी काळजीने खाटेवर ठेवली. आतून निघाला तो नुसता एक काळा कीबोर्ड. आम्ही 'कॉम्प्युटर कुठाय?' म्हणून पिशवीत पुन्हा हात घातला. दादा म्हणाला, "हाच. बाकीचं सगळं तुमच्या घरात आहे." बाकीचे म्हणजे आमचा कृष्णधवल टीव्ही आणि मामाने घेतलेला टेपरेकॉर्डर.

त्या दोन महिन्यांत मी काय खेळलो, ते खेळ कसे चालत आणि त्या नादात आमच्या घरातली कोणती गोष्ट कायमची पुसली गेली, हे या लेखात मांडायचे आहे. मी कॉम्प्युटरचे शिक्षण घेतलेले नाही. जे कळले ते पुस्तके उघडून आणि यंत्रे खोलून. गेली काही वर्षे मराठवाड्यातल्या घरगुती ध्वनिमुद्रणांच्या मागे लागलो आहे. त्याची सुरुवात याच कॅसेटपासून झाली.

चपला बाहेर काढायचा वर्ग

कॉम्प्युटर मी त्याआधी पाहिला होता. आठवीत मला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शाळेत घातले. दौलताबादहून शहर पंधरा किलोमीटरच्या आसपास. एसटीने जायचे, एसटीने यायचे. त्या शाळेत एका खोलीला जाड पडदे लावलेले होते आणि दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत बीबीसी मायक्रो जातीचे कॉम्प्युटर होते.

ते तिथे कसे आले हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवे कॉम्प्युटर धोरण जाहीर केले आणि आयातीवरची बंधने सैल केली. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा पहिल्या टप्प्यात निवडल्या गेल्या. यंत्र ठरले बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीने ते बीबीसीच्या साक्षरता कार्यक्रमासाठी १९८१ मध्ये बनवले होते. स्मरणशक्ती बत्तीस केबी.

आमच्या वाट्याला आठवड्याला एक तास, आणि एका यंत्रामागे चार-पाच मुले. उरलेला वेळ खोलीला कुलूप. पण यंत्रासोबत एक 'वेलकम' कॅसेट येई आणि तिच्यावर 'किंग्डम' नावाचा खेळ होता. त्या खेळात चित्रे थोडी आणि आकडे फार. पिवळ्या नदीकाठची तीन गावे, अमुक माणसे, तमुक टोपल्या तांदूळ. दर हंगामाला कॉम्प्युटर विचारी: बांध राखायला किती माणसे? शेतात किती? चोरांपासून गाव राखायला किती? पेरायला किती टोपल्या? आपण आकडे द्यायचे. मग पूर यायचा किंवा चोर यायचे, आणि किती माणसे मेली, किती उपाशी राहिली याचा हिशेब पडद्यावर यायचा. याच धर्तीचा 'हमुराबी' नावाचा खेळ अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कॉम्प्युटरांवर खेळला जात होता, आणि त्याचे वंशज आजही वेगवेगळ्या नावांनी विकले जातात.

मी हा खेळ घरी आजीला सांगितला. माझा जन्म ७२ च्या दुष्काळातला. तेव्हा आजी खडी फोडायला जात होती. दुपारी सुकडी मिळे, ती पदरात बांधून घरी आणी. माझ्या खेळातले तांदूळ संपले आणि शंभर माणसे मेली हे ऐकून तिने पहिला प्रश्न केला, "बांधावर बाया किती होत्या?" मी म्हणालो, बाया-माणसे असे वेगळे नसते, नुसता आकडा असतो. "आन् मजुरी काय द्यायलास त्यांना?" मजुरीही नव्हती. "मंग मरतीलच की," असे म्हणून ती उठली.

दौलताबादच्या पोराला हा खेळ परका वाटायचे कारण नव्हते. देवगिरीच्या वेढ्याची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराव यादव किल्ल्यावर गेला. धान्य म्हणून घाईघाईने जी पोती वर नेली ती उघडल्यावर त्यांत मीठ निघाले, अशी ती गोष्ट. अभेद्य किल्ला पोटापायी पडला. पोत्यांचा हिशेब चुकला की काय होते, हे आमच्या गावाने 'किंग्डम'च्या सातशे वर्षे आधी पाहिले होते.

आवाजातून आलेला खेळ

दादाने आणलेले यंत्र बीबीसीपेक्षा स्वस्त आणि साधे होते. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ मध्ये इंग्लंडात काढलेला झेडएक्स स्पेक्ट्रम तिकडे घराघरांत गेला. त्याचीच पुढची आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने आपल्याकडे विकली. 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हे तिचे नाव, आणि १९९० च्या सुमारापर्यंत ती विकली जात होती. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ती गेली. आमच्याकडे आली ती केवळ दादाच्या हौसेमुळे.

यंत्राची स्मरणशक्ती अठ्ठेचाळीस केबी. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो ठेवायला साठ ते पंच्याऐंशी स्पेक्ट्रम लागतील. शिवाय वीज गेली की आत असलेले सगळे जायचे. आणि दौलताबादला मे महिन्यात वीज जाणे ही घटना नव्हे, दिनक्रम होता. म्हणून जे हवे ते कॅसेटवर ठेवायचे आणि दर वेळी कॅसेटवरून परत आत घ्यायचे.

हे कसे होई ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

कॉम्प्युटरला शून्य आणि एक हे दोनच अंक कळतात. टेपरेकॉर्डरला आवाज कळतो. तेव्हा अंकांना आवाजाचे रूप द्यायचे. स्पेक्ट्रममध्ये शून्यासाठी एक आखूड लहर, सेकंदाला सुमारे दोन हजार कंपनांच्या सुरातली. आणि एकासाठी तिच्या दुप्पट लांबीची लहर, म्हणजे सुमारे एक हजार कंपनांची. आधी पाच सेकंद एकसारखा सूर वाजे. तो यंत्राला जागे करण्यासाठी. तेव्हा पडद्याच्या कडेला तांबडे-निळसर पट्टे जाड जाड सरकत. मग मजकूर सुरू झाला की निळे-पिवळे बारीक पट्टे थरथरत. आमच्या टीव्हीवर ते सगळे करडेच दिसत. रंग कोणते ते दादाने तोंडी सांगितले होते.

हा सगळा खटाटोप मुद्दाम माणसाच्या आवाजाच्या पट्टीत बसवलेला होता. घरगुती कॅसेट आणि टेपरेकॉर्डर बनले ते बोलणे आणि गाणे नीट ऐकू यावे म्हणून. हजार-दोन हजार कंपने ही त्यांची हमखासची जागा. म्हणून वेगळे, महागडे काही न घेता कुठल्याही घरातली कॅसेट कॉम्प्युटरची वही होऊ शकली. तिच्यावर आधी काय होते याच्याशी यंत्राला कर्तव्य नव्हते.

वेग सरासरी सेकंदाला दीड हजार बिट. आठ हजार बाइटचा कार्यक्रम म्हणजे चौसष्ट हजार बिट; भागाकार केला की त्रेचाळीस सेकंद. आधीचे सूर धरून बावन्न-त्रेपन्न. अठ्ठेचाळीस केबी भरून टाकणारा विकतचा खेळ यायला पाच मिनिटे लागत. आवाज किंचित कमी-जास्त झाला, टेपचे हेड केसभर तिरके असले, की साडेचार मिनिटांनंतर टेप लोड होण्यात चूक झाल्याचा निरोप पडद्यावर येई आणि पुन्हा पहिल्यापासून. हेडशेजारचा स्क्रू फिरवायला दादाने एक बारीक पेचकस कायम खिशात ठेवलेला असे. कान इतका तयार झाला की आवाज कुठे फाटला, हे निरोप येण्याआधीच कळे.

थोड्या जागेत पुष्कळ

दादाकडे दहा-बारा खेळ होते. 'जेटपॅक'मधला अंतराळवीर. 'मॅनिक मायनर'मधला खाणकामगार, वीस गुहा, प्रत्येक गुहेत किल्ल्या गोळा करायच्या आणि खाली हवेची पट्टी संपत चाललेली. हा खेळ १९८३ मध्ये मॅथ्यू स्मिथ नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलाने लिहिला होता. खेळ चालू असताना मागे संगीत वाजत राही. यंत्राला एकच चिमुकला भोंगा असताना हे कसे साधले, याचे कौतुक दादा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे.

त्या खेळांचे सौंदर्य टंचाईतून आले होते. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायचा तर स्मरणशक्तीचा मोठा भाग त्यातच गेला असता. म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांचा एक चौकोन आणि त्या चौकोनात दोनच रंग, असा तोडगा काढला. सगळा पडदा ६,९१२ बाइटांत बसला. त्यामुळे हिरव्या झाडामागून तांबडा माणूस गेला की झाडही तांबडे होई. चांगले लिहिणारे मग माणूस आणि झाड एका चौकोनात येणारच नाहीत अशी गुहा रचत.

याहून मोठी करामत बीबीसी मायक्रोवरच्या 'एलिट' या खेळात होती. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन या दोघांनी तो १९८४ मध्ये केला. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. प्रत्येक ग्रहाला नाव, राज्यपद्धती, व्यापारभाव. बत्तीस केबीत दोन हजार अठ्ठेचाळीस ग्रहांची माहिती ठेवणे शक्यच नव्हते. त्यांनी ती ठेवलीच नाही. थोडे बीज-अंक आणि ते वाढवायचा नियम, एवढेच ठेवले. ग्रहावर जायची वेळ आली की नियम चालवायचा; त्याच बीजातून दर वेळी तोच ग्रह उगवतो.

हे वाचले तेव्हा मला पहिली आठवण झाली ती जात्यावर बसलेल्या आजीची. आजीला किती ओव्या येतात, असे मामाने एकदा विचारले होते. तिला सांगता आले नाही. तिच्याकडे ओव्यांची यादी नव्हती. तिच्याकडे एक साचा होता, पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम होता, देव, आईबाप, भाऊ, लेक अशी वळणे होती आणि जात्याची लय होती. दळण किती आहे त्यावर ओव्या किती हे ठरे. पहाटे पायलीभर ज्वारी असली तर पायलीभर ओव्या. तेही थोड्या जागेत पुष्कळ ठेवणेच होते. फरक एक, आणि तो पुढे मला नडला. 'एलिट'चे बीज कागदावर लिहून ठेवता येते. आजीचे बीज आजीतच होते.

अंधारी

दादा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला गेला, पण कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवून गेला. पावसाळा संपला की नेतो म्हणाला. जाताना स्वतःच्या खेळांच्या कॅसेटी मात्र घेऊन गेला. मग मी स्वतःचा खेळ लिहायला घेतला. नाव 'अंधारी'.

दौलताबादचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना अंधारी सांगायला नको. खंदकावरचा पूल ओलांडला की डोंगराच्या पोटातून वर जाणारा कोरीव भुयारी रस्ता लागतो. वळणे, उंच-सखल पायऱ्या, वटवाघळांचा वास. शत्रूला चकवण्यासाठी खोटी वळणे. प्रकाश दिसला म्हणून तिकडे धावला तो खंदकात, असे वाटाडे सांगत. वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडी पेटवून भुयारात धूर कोंडायची सोय. आमच्या लहानपणी मशाल घेऊन माणसे प्रवाशांना आत नेत. ऐन मध्यात मशाल विझवून "आता पुढं जाऊन दाखवा" म्हणत. बायका ओरडत, पोरे हसत. अशाच एका वाटाड्या काकांच्या मागे मी त्या जूनमध्ये वही घेऊन चार वेळा हिंडलो आणि वळणे मोजली.

शब्दांनी खेळायच्या साहसखेळांचा नमुना मला दादाच्या 'द हॉबिट'मध्ये दिसला होता. पडद्यावर वाक्य येते, तुम्ही कुठे आहात ते सांगते. तुम्ही उत्तरेला जा, दिवा घे असे टंकता. पुढचे वाक्य येते. या प्रकाराचा मूळपुरुष विल क्राउदर. हा अमेरिकन प्रोग्रामर हौशी गुहा-संशोधक होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांवरून त्याने १९७०च्या दशकाच्या मध्यावर आपल्या मुलींसाठी असा पहिला खेळ लिहिला, आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये तो वाढवला. आपण ज्या अंधारातून हातांनी चाचपडत गेलो तोच अंधार मुलांना शब्दांत द्यावा, ही त्याची प्रेरणा. मला तेव्हा क्राउदर ठाऊक नव्हता. पण दौलताबादला राहणाऱ्या पोराला दुसरे काय सुचणार?

खेळाची रचना सोपी होती. अंधारीचे सव्वीस तुकडे पाडले, त्यांना एक ते सव्वीस क्रमांक दिले. प्रत्येक तुकड्यासाठी चार आकडे: उत्तरेला गेल्यास कितवा तुकडा, दक्षिणेला कितवा, पूर्वेला, पश्चिमेला. वाट नसेल तिथे शून्य, खंदक असेल तिथे नव्याण्णव. सव्वीस गुणिले चार, एकशे चार आकड्यांत सगळे भुयार बसले. मशालीला तीस पावलांचे तेल. तेल संपले की पडदा काळा. वाक्ये येणे बंद, पण चालता येई, आठवणीवर. ही कल्पना वाटाड्या काकांची.

अडचण आली ती मराठीची. स्पेक्ट्रमला इंग्रजी अक्षरेच येत. वापरणाऱ्याला स्वतःची अक्षरे काढायची सोय होती, आठ बाय आठ चौकोनात शून्य-एक लिहून. पण अशी अक्षरे फक्त एकवीस. माझी वही अजून आहे, तिच्यात चौकोनी आखणीवर क, ख, ग काढलेले आहेत. एकवीस जागांत मराठी बसवायची तर काना, मात्रा, वेलांट्या यांतच आठ-दहा जागा जात. जोडाक्षरांचा प्रश्नच नको. दोन दिवस मी कोणती अक्षरे टाळून वाक्य लिहिता येईल याची कोडी सोडवत बसलो आणि शेवटी हार मानून मराठी वाक्ये इंग्रजी लिपीत लिहिली. एकवीस जागांत फक्त मशाल, वटवाघूळ, पायरी अशी चित्रे काढली.

त्याच वर्षी, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुढे तिथे वाढले. त्या कार्डाने कॉम्प्युटरवर देवनागरी दिसू लागली आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. म्हणजे माझ्या वहीतले कोडे तेव्हा दौलताबादपासून फार लांब नसलेल्या एका शहरात जाणती माणसे सोडवत होती. मोबाईलवर मराठीत सहज लिहिणाऱ्या माझ्या पुतणीला हे सांगितले तर ती म्हणते, "काका, एकवीसच अक्षरं का होती?" जागा नव्हती, हे उत्तर तिला पटत नाही.

चिकटपट्टी

आता जे सांगायचे ते मी पुष्कळ वर्षे वेगळे सांगत आलो.

खेळ वाढत चालला तसा तो रोज कॅसेटवर ठेवणे भाग होते. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि दोनदा सगळ्या दिवसाची मेहनत गेली होती. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे नव्हते. घरात तीन कॅसेटी होत्या: एक भजनांची, एक सिनेमाच्या गाण्यांची आणि एक आजीच्या ओव्यांची. ओव्यांची कॅसेट मामाने ८६ च्या दिवाळीत भरली होती. आजीला जात्यावर बसवून, अर्धा तास एका बाजूला. दुसरी बाजू कोरीच होती, पण तिथे टेप चुरगळलेली होती आणि यंत्र ती वाचेना.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या चकत्या असतात. त्या मोडल्या की टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही. जपायच्या कॅसेटसाठी ही सोय. मामाने ओव्यांच्या बाजूची चकती मोडलेली होती. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दाबले जाते, हे दादाने मला सहज बोलता बोलता सांगितले होते.

मी घरच्यांना सांगितले की चुकून झाले, कॅसेट बदलली. ते खरे नाही. चिकटपट्टी चुकून लागत नाही. मी ती कात्रीने मापात कापून लावली. भजने पुसली तर वडील मारतील, गाणी पुसली तर बहीण रडेल, आणि आजी काय, रोज पहाटे गातेच आहे, असा माझा हिशेब होता. सोळा वर्षांच्या मुलाचा हिशेब. पहिल्यांदा ठेवले ते एका मिनिटाचे काम होते. दुसऱ्या दिवशी पहिले बिघडू नये म्हणून त्याच्यापुढे ठेवले. असे नऊ वेळा.

टेपरेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड करणाऱ्या हेडच्या आधी पुसणारे हेड असते. टेप आधी त्याच्यावरून जाते, तिच्यावरचे चुंबकीय कण विस्कटले जातात, आणि मग नवे उमटते. नव्याच्या खाली जुने शाबूत राहत नाही. पुढे ध्वनिमुद्रणातल्या जाणत्यांना मी हे पुन्हा पुन्हा विचारले, काही युक्ती असेल या आशेने. नाही.

८८ च्या दिवाळीत मामा आला. फराळ झाल्यावर त्याने आईला ऐकवायला म्हणून ती कॅसेट लावली. आधी पाच सेकंद सूर, मग ती किंचाळी. मामा टेपरेकॉर्डरकडे बघत राहिला. आजी म्हणाली, "ही काय कडबाकुट्टीची मशीन लागली म्हणायची का?" सगळे हसले. मामा हसला नाही. त्याने कॅसेट काढली, मागची चिकटपट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि ती पुन्हा डबीत घालून खिशात ठेवली. घरात कुणाला तो काही बोलला नाही. मला त्याने मारले असते तर बरे झाले असते.

आजी रात्री मला म्हणाली, "जाऊ दे रे. फिरून म्हणून दाखवते की." पण फिरून तो योग आला नाही. गावात पिठाची गिरणी होतीच. आमचेही दळण त्या वर्षापासून गिरणीत जाऊ लागले आणि जात्यावर नुसती डाळ भरडली जाई. लय नाही तर ओवी नाही. बसून म्हण म्हटले की तिला दोन-तीन ओव्यांपुढे आठवत नसे. १९९१ मध्ये आजी गेली.

साडेआठ मिनिटांनंतर

मामा गेल्यावर, मामीने त्याच्या पेटीतून ती कॅसेट मला आणून दिली. डबीवर मामाच्या अक्षरात 'आईच्या ओव्या' असेच लिहिलेले होते. २०२१ मध्ये एका स्नेह्याकडून चांगला कॅसेट डेक मागून आणला, हेड साफ केले, कॅसेट एकदा पुढे-मागे गुंडाळून सैल केली आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या मापाने सगळी बाजू संगणकावर उतरवून घेतली.

आवाजातून शून्य-एक परत काढणारे आणि जुन्या स्पेक्ट्रमचे सोंग घेणारे कार्यक्रम आता फुकट मिळतात. नऊपैकी सात प्रती खराब निघाल्या. सहावी आणि नववी चालली. तेहेतीस वर्षांनी पडद्यावर माझीच वाक्ये आली, वेड्यावाकड्या रोमन लिपीत: तुम्ही खंदकाच्या पुलावर आहात, मशाल हातात आहे. मी तेल संपेपर्यंत खेळलो आणि मग काळ्या पडद्यावर आठवणीने चालून पाहिले. सोळाव्या तुकड्यावर खंदकात पडलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही एक जुन्या खेळाची गंमत ठरली असती. पण उतरवलेली ध्वनिफीत पुढे चालूच होती. नववी प्रत संपते, 'खट्ट' असा बटणाचा आवाज येतो, आणि एका शब्दाच्या मध्यातून आजीचा आवाज सुरू होतो. मागे जात्याची घरघर. मी घड्याळ लावून पाहिले: खेळाची साडेआठ मिनिटे, त्यापुढे आजीची एकवीस.

एकवीस मिनिटे वाचली याचा आनंद मोठाच आहे. पण गेलेल्या साडेआठ मिनिटांत काय होते, ते मी आईकडून काढून घेतले. सुरुवातीच्या ओव्या देवांच्या, त्या गेल्या. तशा इतरांकडेही सापडतील. पण आई सांगते, देवांच्या मागोमाग आजीने ७२ सालच्या ओव्या घेतल्या होत्या. खडीवरच्या. बांधावर बाया किती होत्या आणि मुकादम हजेरी कशी मांडायचा, हे त्यांत होते. आईला त्यांतल्या दोनच आठवतात, त्याही अर्ध्या.

जात्यावरच्या ओव्या ही घरगुती बाब आहे, इतिहासाचे साधन नव्हे, असे मानणारे आता कमी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांतून ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे आणि आज त्या 'पारी' या संग्रहात सर्वांना खुल्या आहेत. त्यांत स्त्रियांनी स्वतःच्या कष्टाबद्दल जे सांगितले आहे ते सरकारी कागदात सापडत नाही. दुष्काळी कामांवर किती मजूर होते हे आकडे दप्तरांत मिळतात. 'किंग्डम'मध्येही आकडेच होते. आजीने त्या खेळाला विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्या ओव्यांत होती आणि ती मी पुसली. एका भुयाराचा खेळ ठेवायला जागा हवी म्हणून.

माझा खेळ फुकट गेला असेही मी म्हणणार नाही. १९८८ मध्ये वाटाडे अंधारी कशी दाखवत, कुठे मशाल विझवत, कुठे काय सांगत, हे त्या सव्वीस वाक्यांत आहे आणि तसे दुसरीकडे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. त्या काळच्या मुलांनी लिहिलेले असे खेळ अजून कुणाकुणाच्या माळ्यावर कॅसेटींत पडले असतील. ते किंचाळणारे आवाज 'खराब कॅसेट' म्हणून फेकले जातात. फेकण्याआधी ऐकावे. पाच सेकंद एकसारखा सूर आणि मग फाटका आवाज, असे असेल तर ती खराब नाही, तिच्यात काहीतरी लिहिलेले आहे.

वाचकांच्या घरीही आवाजाच्या कॅसेटी असतील. त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेले थोडेसे. आधी मागच्या चकत्या मोडा. वाजवून वाजवून पाहू नका. एकदाच, चांगल्या यंत्रावर, शेवटपर्यंत चालवून उतरवून घ्या. उतरवताना आवाज दाबून लहान करणारी पद्धत वापरू नका. दोन प्रती दोन घरांत ठेवा. आणि कोण बोलते आहे, कधी, कुठे, हे त्यांना ओळखणारे कुणी हयात आहे तोवर लिहून ठेवा. टेप टिकली तरी हे शेवटचे टिकत नाही.

मामाच्या डबीवरची चिठ्ठी मी बदललेली नाही. तिच्याखाली दुसरी जोडली आहे: 'बाजू अ. सुरुवातीपासून साडेआठ मिनिटे: अंधारी, जून-जुलै १९८८. पुढे शेवटपर्यंत: आजी, दिवाळी १९८६. मधला मजकूर पुसला गेला आहे. पुसणारा: मी.'